मेलेल्या बुरशीचं भय

मी उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात चेकर होते. शिवून आलेला पीस उजेडात धरायचा, लोंबते धागे कापायचे, कुठे टाका सुटलाय, कुठे खिसा वाकडा बसलाय ते हुडकायचं आणि खडूने फुली मारून परत पाठवायचा, हे माझं काम. सतरा वर्षं केलं. कारागीर माझ्यामागे मला 'दुर्बीण' म्हणायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. अशा बाईला स्वतःच्या पलंगाखालची चूक दिसली नाही. लोकांचे पीस परत पाठवत राहिले आणि माझा आजार मी रोज पहाटे उठून स्वतःच्या हाताने वरखाली करत होते.

हे लिहायला घेतलं ते प्राचीमुळे, माझ्या मुलीमुळे. ती म्हणाली, "आई, तू फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगत बसतेस आणि मग दम लागतो तुला. एकदाच लिहून टाक ना." म्हणून लिहिते. जे दवाखान्यात बरे होतात आणि घरी आले की पुन्हा आडवे होतात, ज्यांना सगळे म्हणतात की रिपोर्टमध्ये विशेष काही नाही, त्यांनी हे वाचावं. मी डॉक्टर नाही. माझ्यावरून स्वतःला औषधं लावून घेऊ नका.

*

माझं माहेर राजापूरकडचं. एप्रिल लागला की भाऊ टेम्पोने आंबा पाठवायचा, हिरवा, कच्चा. तो मी बदलापूरला घरी पिकवायचे. आमच्याकडे आंबा पिकवायचा म्हणजे आढी घालायची. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. रोज एकदा हात घालून आंबे वरखाली करायचे, पिकला तो काढायचा, डागाळला तो फेकायचा. पावडर नाही, गॅस नाही. बदलापुरात कुळगावला आमच्या बिल्डिंगमध्ये आणि कारखान्यातही माझ्या आंब्याला नाव होतं. लोक मार्चपासून सांगून ठेवायचे.

दोन खोल्यांच्या घरात आढी घालणार कुठे? आमच्या डबल बेडखाली.

पेंढा पूर्वी जवळच्या पालेगावाकडे कुणालाही सांगितलं की भाराभर मिळायचा. आता तिथे भाताच्या जागी टॉवर उभे राहिले. म्हणून मी तीन वर्षं एकच पेंढा जपून वापरत होते. हंगाम संपला की झटकून गोणीत भरायचा, बाथरूमवरच्या माळ्यावर टाकायचा, पुढच्या एप्रिलला खाली काढायचा. माळ्यावर पावसाळाभर ओल असायची. गोणीचं तोंड सोडलं की राखाडी धूळ उडायची आणि कुबट वास यायचा. आढीचा वास असाच असतो, अशी माझी समजूत. चांगली वस्तू फेकायची नाही हा माझा स्वभाव. जीन्सच्या चिंध्यासुद्धा मी टाकू देत नसे.

माझे यजमान विलास अंबरनाथला एका कंपनीत फिटर आहेत. त्यांना या सगळ्याचा मनापासून कंटाळा. "घर आहे का वखार?" असं दर एप्रिलला एकदा तरी म्हणायचे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पेंढ्याला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

*

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी कारखान्यात जेवणाचा डबा उघडला आणि मला थंडी वाजून आली. पंख्याखाली सगळे घामाने निथळत होते आणि मी ओढणी गुंडाळून कुडकुडत बसले होते. संध्याकाळपर्यंत ताप, कोरडा खोकला, छाती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखी. रात्री झोपले, सकाळी उठले तर जरा बरं. दुपारी परत तेच.

"आंब्याची उष्णता," शेजारच्या काकू म्हणाल्या. मलाही पटलं. आधीच्या दोन्ही वर्षी मे महिन्यात मला खोकला झाला होता आणि तेव्हाही मी उष्णता म्हणून सब्जाचं पाणी पीत बसले होते.

आठवडाभरानंतर गल्लीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला. तो खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "थुंकी तपासून घेऊ एकदा." माझ्या तोंडचं पाणी पळालं. थुंकी कशासाठी तपासतात ते कुणाला सांगावं लागत नाही. रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस मी माझं ताट वेगळं केलं, प्राचीच्या शेजारी बसले नाही. घरात कुणी टीबी हा शब्द काढला नाही. पण विलासनी माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला लावला होता, तो मी बघितला. रिपोर्टमध्ये काही निघालं नाही. टॉवेल परत जुन्या जागी आला. खोकला मात्र गेला नाही.

थंडी वाजायची ती कारखान्यात, साडेबारा-एकच्या सुमाराला. त्यामुळे सगळ्यांचं बोट कारखान्याकडे. तिथे जीन्सचा निळा भुसा उडतो, नाकात जातो, हे खरंच आहे. आमचे सेठ सिंधी, मला बहिणीसारखं वागवणारे. एक दिवस माझ्या हातातली कात्री काढून घेत म्हणाले, "सुनंदाबाई, ये भुसा तेरी छाती में बैठ गया है. घर बैठ, आराम कर. तेरी कुर्सी पे कोई नहीं बैठेगा." डॉक्टरांचंही तेच म्हणणं पडलं.

मी पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास बेडखाली डोकं घालून आंबे वरखाली करत असे आणि त्यानंतर सहा-सात तासांनी मला थंडी वाजत असे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. रविवारीही ताप यायचा, तो मी आठवड्याच्या दगदगीवर ढकलायचे. मला कुणी विचारलं असतं तरी मी आंब्याचं सांगितलं नसतं. आंबे हा काय डॉक्टरला सांगायचा विषय आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

*

काम सुटलं आणि मी आगीतून फुफाट्यात पडले. घरी बसून करायचं काय? आढी होतीच. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा, दोन वेळा आंबे बघायला लागले. आठ दिवसांत अशी अवस्था झाली की भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर येताना मध्ये तीनदा थांबायचे. कुकरचं झाकण लावताना दम लागायचा. प्राचीने बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा आणला. त्यावर अठ्ठ्याऐंशी आकडा बघून तिने सरळ रिक्षावाल्याला फोन लावला.

बदलापूरच्या एका छोट्या रुग्णालयात न्यूमोनिया म्हणून दाखल झाले. नाकात नळी, हातात सुई. दवाखान्याचं एक बरं असतं, तिथे वेळ ठरलेली असते. सहाला ताप बघायला सिस्टर, सातला फिनेलचा बोळा फिरवणाऱ्या मावशी, मग चहा, मग इंजेक्शन, मग राउंड. मी त्या ठरलेल्या गोष्टींना धरून दिवस काढला. चहा आला म्हणजे सात वाजून गेले, म्हणजे अजून आपण आहोत. मावशींनी तिसऱ्या दिवशी न सांगता माझे केस विंचरून वेणी घातली. मी त्यांना नाव विचारलं तर म्हणाल्या, "पहिलं बरी हो, मंग नाव सांगते." आणि खरंच पाचव्या दिवशी ताप गेला, नळी काढली, मी आपल्या पायांनी बाथरूमला गेले. मावशींनी नाव सांगितलं, यमुना.

"अँटिबायोटिक लागू पडलं," डॉक्टर म्हणाले. आम्हीही तेच धरून चाललो. दवाखान्याच्या कॉटखाली फक्त एक बादली होती, हे कारण कुणाच्या डोक्यात येणार?

*

घरी आले ती दुपार मी विसरणार नाही.

घर लख्ख पुसलेलं. ओटा चकाचक. विलासनी सुट्टी काढली होती. मला बेडवर बसवलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. काही चांगलं केलं की ते असेच उभे राहतात.

"आंब्याची काळजी करू नको," ते म्हणाले. "तू दाखल झालीस त्याच दिवशी तुझ्या भावाचा टेम्पो आला. आढी मी घातली."

"तुम्ही?"

"मग काय! पेंढा सगळा गच्चीत नेला. दोन दिवस कडक उन्हात वाळवला. काठीने झोडला. जे काय जंतू असतील ते मेले असतील सगळे. आणि मग इथे आणून नीट झटकून घातला. बघ तरी."

त्यांनी वाकून बेडखाली हात घातला आणि एक पिवळाधमक आंबा काढून माझ्या नाकाजवळ धरला. "वास घे."

मला भरून आलं. आंबे सडले असतील ही टोचणी मला नळी नाकात असतानाही होती आणि या माणसाला ते न सांगता कळलं होतं. मी डोळे मिटून भरपूर मोठा श्वास घेतला.

त्याच संध्याकाळी दात वाजायला लागले. विलासनी गुळवेलीचा काढा उकळला, रोग अंगाबाहेर काढायचा तर प्रतिकारशक्ती वाढली पाहिजे म्हणून सकाळ-संध्याकाळ दिला. मी तो प्यायचे आणि त्याच बेडवर पडायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी प्राची माझ्याकडे बघून किंचाळली. माझे ओठ निळे पडले होते. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मला जिन्यावरून खाली नेलं. एका बाजूला विलास, एका बाजूला खालच्या मजल्यावरचा शेजारी. मला एवढंच आठवतं की मी तोंड उघडत होते आणि आत काही जात नव्हतं. ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायलाही हवा लागते.

*

या वेळी उल्हासनगरचं मोठं रुग्णालय आणि आयसीयू. तोंडावर घट्ट मास्क, जो जोर लावून हवा आत ढकलतो. आपण श्वास सोडायच्या आधीच तो पुढचा देतो. पहिले काही तास मला वाटत होतं हा मास्कच मला मारणार. हात बांधतील या भीतीने मी तो काढला नाही. शेजारच्या पडद्यामागे कुणाच्या तरी यंत्राचा आवाज सारखा चालू होता. एकदा तो थांबला आणि पायांची धावपळ झाली. मी भिंतीकडे तोंड केलं.

मी घाबरले होते. अशा लिखाणात धीराच्या गोष्टी लिहिण्याची पद्धत आहे, पण मला धीर नव्हता. मी देवाला शिव्या दिल्या, मग लगेच माफी मागितली, मग परत दिल्या. प्राचीचं लग्न व्हायचंय हे त्याला सांगितलं, जसं काही त्याला ठाऊक नव्हतं.

छातीच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान होत्या, प्राचीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. स्कॅन बघून त्या न्यूमोनिया म्हणाल्या नाहीत. घशातून नळी घालून फुप्फुसातलं पाणी तपासायला काढलं. त्याला दुर्बिणीची तपासणी म्हणतात हे कळल्यावर एवढ्यातही मला कारखाना आठवला. मग त्या कॉटशेजारी उभ्या राहून विचित्र प्रश्न विचारायला लागल्या.

"काकू, घरी कबुतरं येतात? पोपट पाळलाय? कूलर आहे? भिंतीला ओल?"

मी प्रत्येकाला मान हलवून नाही म्हटलं.

"तुम्ही दवाखान्यात आलात की सुधारता आणि घरी गेलात की बिघडता. कारखाना तर सुटलाय. म्हणजे घरात काहीतरी आहे. आठवून बघा."

त्या गेल्या आणि मी आठवायला लागले. घरात आहे काय? घरात माणसं आहेत. दोनच. मला कोण काय देतं, काढ्यात काय असतं, असले विचार माझ्या मनात आले. लाज वाटते सांगायला, पण आले. मास्कमध्ये पडलेल्या माणसाचं डोकं कुठेही जातं. त्या संध्याकाळी विलास भेटायला आले तर मी झोपेचं सोंग घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी मला जरा बरं होतं, साधा मास्क लावला होता. पाचच्या भेटीच्या वेळी विलास आणि प्राची आले. विलासच्या हातात पुठ्ठ्याचा खोका. मॅडम राउंडवर होत्या. डॉक्टरने जीव वाचवला की त्याला घरचे आंबे द्यायचे, ही आमच्याकडची रीत.

"मॅडम, घरचेच आहेत. आढीतले," विलास म्हणाले आणि खोका पुढे केला.

मॅडम हसल्या, झाकण उघडून एक आंबा उचलला. त्याला पेंढ्याच्या काड्या चिकटल्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर राखाडी भुकटी सांडली. ती त्यांनी झटकली नाही. बोटाने पुसून बोट डोळ्यांजवळ नेलं.

"हे कशात पिकवता तुम्ही?"

विलास खुलले. आढी कशी घालतात, आमचा पेंढा कसा तीन वर्षं जपलेला, कुठल्या माळ्यावर असतो, बायको आजारी म्हणून या वेळी त्यांनी स्वतः कसा वाळवला, कसा झोडला, बेडरूममध्ये आणून कसा झटकला, सगळं सांगितलं. हातवारे करून सांगितलं. मॅडमनी झाकण हळूच लावलं, खोका सिस्टरकडे बाहेर न्यायला दिला, जाऊन हात धुतले आणि स्टूल ओढून बसल्या.

"काका, त्या पेंढ्यावर बुरशी आहे."

"होती, मॅडम. आता मेली. दोन दिवस कडक ऊन दिलं."

"हो. मेली असेल."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आजाराचं नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. माझ्या फुप्फुसात बुरशी वाढत नव्हती. तिथे मारायला काही जिवंत नव्हतंच. बुरशीच्या अंगावर एक कवच असतं आणि ते बरंचसं साखरेच्या लांबच लांब साखळ्यांनी विणलेलं असतं. चहातली साखर नव्हे, ही निराळी, माणसाच्या अंगात कुठेच नसणारी. म्हणून आपल्या शरीरातले पहारेकरी ती दिसली की ओळखतात, हा परका. बुरशी जिवंत आहे की मेलेली हे ते विचारत बसत नाहीत. कवच दिसलं की हाणामारी सुरू. त्या धुळीत इतरही बरंच असतं, पण त्यांना चेतवायला हे कवच पुरतं. वर्षानुवर्षं रोज ती धूळ आत गेली आणि माझे पहारेकरी इतके चवताळले की माझंच फुप्फुस बडवायला लागले.

"ऊन बुरशीला मारतं," मॅडम म्हणाल्या, "कवच तसंच राहतं. उलट वाळलं की हलकं होऊन जास्त उडतं."

विलासनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग हात खिशात घातले. मग परत बाहेर काढले. अजूनपर्यंत ते काही बोललेले नाहीत त्या दिवसाबद्दल.

"आणि काढा?" प्राचीने विचारलं. "इम्युनिटीसाठी देत होतो आम्ही."

"बंद करा. यांची प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, जास्त होतेय. मी ती दाबायचं औषध देणार आहे."

इतकी वर्षं सगळे सांगत होते प्रतिकारशक्ती वाढवा, आणि माझ्यावर माझीच उलटली होती. जंतू असता तर त्याला मारता आलं असतं. स्वतःला कुठे पळवून नेणार?

मी मास्क जरा बाजूला करून विचारलं, "पूर्ण बरी होईन ना?"

मॅडमनी खोटं सांगितलं नाही. सूज उतरेल, म्हणाल्या. पण जिथे व्रण झाला असेल तिथे फुप्फुस पुन्हा मऊ होत नाही. किती ठिकाणी झालाय ते काही महिन्यांनी कळेल. आणि घर बदलल्याशिवाय, म्हणजे घरातून ती धूळ गेल्याशिवाय, मी घरी जायचं नाही.

*

स्टेरॉइडने तीन दिवसांत मला उठून बसवलं. तोंड सुजून पुरीसारखं झालं, भूक राक्षसासारखी, हात थरथरायचे. पण श्वास आत जायला लागला. त्या गोळ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा माझ्या जागी येऊन बघावं. फक्त त्या मनाने घेऊ नयेत आणि मनाने बंद करू नयेत.

घरातली भांडणं मात्र दवाखान्याच्या पॅसेजमध्ये सुरू झाली. पडद्याआड मला ऐकू येत होतं.

"बाबा, एवढी धूळ उडाली, तुम्हाला दिसली नाही? नाकाला रुमाल तरी बांधला होता ना तुम्ही? मग आईचा विचार नाही आला?"

विलासच्या चपला फरशीवर घासल्याचा आवाज आला.

"सिरियसली, बाबा, काहीतरी बोला ना."

मी तिला आत बोलावून सांगितलं की पेंढा माझा, माळा माझा, हट्ट माझा, बाबांना बोलू नको. शहाण्या बाईसारखं बोलले. पण आतून मलाही त्यांचाच राग आला होता. एकाच बेडवर झोपतो, धूळ त्यांनी उडवली, आणि त्यांना साधी शिंक नाही. मॅडमना मी विचारलंही, असं कसं? त्या म्हणाल्या, काहींचे पहारेकरी शांत असतात, काहींचे नसतात, का ते अजून नीट कळलेलं नाही. हे उत्तर ऐकून माझा राग कमी झाला नाही.

मी आणखी बारा दिवस तिथे होते. तेवढ्यात विलासनी मॅडमनी सांगितल्याप्रमाणे पेंढा पाणी मारून ओला केला, मास्क लावून पिशव्यांत भरून बांधला आणि घराबाहेर काढला. बेड काढला, गाद्या काढल्या, माळा धुतला, भिंतींना रंग दिला. भाऊ फोनवर रागावला. "पेंढ्याने कधी कुणाला काय झालंय? आपल्याकडे कधीपासून आढी घालतात!" खरंच आहे. मी त्याच्याशी वाद घातला नाही. बोलायला तेवढी हवा नव्हती.

जूनच्या मध्यावर घरी आले तर उंबऱ्यावर पाय अडला. रंगाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता, तरी पाऊल पुढे जाईना. आपल्याच घराची भीती वाटणं काय असतं ते मला सांगता येणार नाही. प्राचीने हात धरून आत घेतलं. पुढचे दोन महिने मी कोपरे हुंगत फिरले. बाथरूमच्या फटीत काळा ठिपका दिसला की ओढणी नाकाला लावून मागे सरायचे. भाकरी डब्यात एक दिवस राहिली तरी फेकून द्यायचे, मी, जी कधी काही फेकत नव्हते. बोटाचा चिमटा दिवसातून वीस वेळा लावायचे. थंडीची साधी शिरशिरी आली तरी घड्याळ बघून सहा तास मागे जायचे, कुठे होते, काय हुंगलं.

दिवाळीनंतर पुन्हा स्कॅन झाला. मॅडमनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली. आधीच्या चित्रात सगळीकडे काचेवर वाफ धरल्यासारखं होतं. नव्या चित्रात वरचा भाग स्वच्छ झाला होता. मी हसणार तेवढ्यात त्यांनी खाली बोट ठेवलं. दोन्ही बाजूंना, तळाशी, बारीक जाळी.

"हे राहणार, काकू."

"वाढेल?"

"जपलंत तर बहुधा नाही."

बहुधा. मी चेकर होते, एक तर पीस पास किंवा फुली. मधलं काही मला ठाऊक नव्हतं. आता दोन मजले चढायला मी दोनदा थांबते. कारखान्यात परत जाता येणार नाही, सेठना तसं कळवलं. त्यांनी खुर्ची अजून रिकामी ठेवली होती.

*

शेवटी एक गोष्ट राहते, ती सांगू की नको असं बरेच दिवस चाललं होतं.

मी घरी आल्यापासून विलास कंपनीतून आले की दाराबाहेर, जिन्यातच शर्ट काढून पिशवीत घालतात. सरळ आंघोळीला जातात. मग बाहेरच्या खोलीत जेवतात, तिथेच चटई टाकून झोपतात. मी समजायचे, माझ्या खोकल्याने त्यांची झोपमोड होते म्हणून असेल. बोलणं कामापुरतं. औषध घेतलंस का, पाणी तापवू का.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी प्राची मैत्रिणीकडे गेली होती. मी आतल्या खोलीत नव्या कॉटवर पडले होते. ते औषधाची वाटी घेऊन दारापाशी आले, वाटी आतल्या स्टुलावर सरकवली आणि मागे सरले.

"अहो, या ना आत. बसा जरा."

"नको."

"का?"

"काल कंपनीत जुनी शेड उघडली. बरीच धूळ होती. अंगाला काही लागलं असेल तर."

"आंघोळ केलीत ना?"

"दोनदा केली."

"कालपासून?"

"आज. काल तीनदा."

मी म्हटलं, "मला भीती वाटतेय एकटीला. या."

ते आले. दोन पावलं टाकून थांबले, मग आणखी एक, मग कॉटच्या अगदी कडेला बसले, अवघडून, दोन्ही हात आपल्याच मांड्यांखाली दाबून. अठ्ठावीस वर्षं शेजारी झोपलेला माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा लाल झाला होता, गळ्याची शीर फुगली होती. तेव्हा लक्षात आलं, त्यांनी श्वास रोखून धरला होता. त्यांच्या नुसत्या उच्छ्वासानेही मला काही होईल, असं त्यांना वाटत होतं.

"अहो, श्वास सोडा," मी म्हणाले.

त्यांनी सोडला. खांदे खाली आले आणि ते रडायला लागले, आवाज न करता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवला आणि मला कळलं की ते आत आल्यापासून मीही माझा श्वास धरून ठेवला आहे, आणि तो सोडायचं मला धाडस होत नाहीये.